जुन्या गाडीचा टेंपरेचर मीटर चुकतो तेव्हा काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

पद्मिनी, अँबेसडर किंवा महिंद्राची जुनी जीप सांभाळणाऱ्यांकडून सातारा-सांगली भागात एक तक्रार नेहमी ऐकू येते. गाडी सुरळीत चालते, पाणी कमी होत नाही, तरी काटा लाल पट्ट्याला जाऊन टेकतो. किंवा याच्या उलट, घाट चढून गेल्यावर बोनेट उघडावे तर रेडिएटर उकळत असतो आणि काटा मात्र मधल्या खुणेच्याही खाली असतो. अशा वेळी बहुतेक जण आधी सेन्सर बदलतात, त्याने फरक पडला नाही की जुन्या बाजारातून दुसरा मीटर आणून बसवतात, आणि तोही पटेनासा झाला की काट्याकडे लक्ष देणेच सोडतात. यातली शेवटची सवय सर्वांत महाग पडते, कारण गाडी खरोखर तापली की आधी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधले पॅकिंग) जाते, मग हेड बेंड होते, आणि अँबेसडर 2014 साली व पद्मिनी त्याच्याही बऱ्याच आधी बंद झालेली असल्यामुळे चांगले हेड आता सहज मिळत नाही.

पार्ट बदलण्याची घाई न करता एका क्रमाने तपासत गेले, तर दोष घरच्या घरी, साध्या मल्टीमीटरवर सापडतो. काट्यापर्यंत पोहोचणारी माहिती इंजिनमधले पाणी, सेन्सर, त्याची वायर, मीटर, मीटरला मिळणारा करंट आणि या सगळ्यांचे अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याचा रस्ता, अशा साखळीतून येते. यातली कोणतीही कडी सैल असली तरी काटा चुकतो, आणि दोन कड्या एकाच वेळी सैल असल्या तर नवा सेन्सर टाकूनही काही उपयोग होत नाही.

आधी इंजिनचे खरे तापमान मोजावे

काटा चुकतो आहे असे म्हणण्यापूर्वी बरोबर आकडा कोणता, हे हातात असले पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावर सकाळी रेडिएटरची कॅप उघडावी, पाणी काठापर्यंत भरलेले आहे याची खात्री करावी आणि तोंडातून थर्मामीटर पाण्यात सोडावा. प्रयोगशाळेतला 110 अंशांपर्यंतचा काचेचा थर्मामीटर किंवा लांब दांडीचा डिजिटल थर्मामीटर चालतो. मात्र तो फॅनच्या बाजूला झुकणार नाही असा बांधावा. मग इंजिन चालू करून दर पाच अंशांना काटा कुठे आहे ते वहीत लिहावे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला आल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बंद असेपर्यंत रेडिएटरच्या वरच्या टाकीतले पाणी फारसे तापत नाही आणि तो उघडला की आकडा भराभर चढतो, त्यामुळे खरी तुलना त्यानंतरच सुरू होते. 90 अंशांच्या जवळ पोहोचताच इंजिन बंद करावे, कारण कॅप काढलेली असल्यामुळे पाण्यावर दाब नसतो आणि ते उसळून बाहेर येऊ शकते. गरम इंजिनची कॅप कधीही उघडू नये, फडके धरूनसुद्धा नाही.

इन्फ्रारेड गन आता बहुतेक गॅरेजमध्ये असते, परंतु ती चकचकीत धातूवर धरली तर बरेच कमी तापमान दाखवते. थर्मोस्टॅटच्या घराला (बाहेरच्या धातूच्या आवरणाला) काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून किंवा काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन त्यावर गन धरावी. तरीही ती बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते, आतले पाणी त्याहून काही अंश जास्त गरम असते, हे ध्यानात ठेवावे.

या तपासणीत काटा बरोबर आणि इंजिनच गरम असे निघाले, तर मीटरला हात लावू नये. पाण्याची पातळी, फॅन बेल्टचा ताण, इग्निशनचे टायमिंग, रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ आणि उसाचा पाला, आतून साचलेला क्षार, आणि इंजिन चालू असताना पाण्यात सतत येणारे बुडबुडे या वाटेने शोध घ्यावा. काटा खरे बोलत असताना त्याला रेझिस्टर लावून गप्प करण्याचे प्रकार होतात, आणि त्याची किंमत पुढच्या घाटात मोजावी लागते.

उलट काटा कायम खाली राहत असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते आधी पाहावे. आपल्याकडे उष्ण हवेचे कारण देऊन तो काढून टाकण्याची रूढी आहे. ती मला मुळीच पटत नाही, कारण थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाट रस्त्यावर सहसा पुरेसे तापतच नाही, पेट्रोल जास्त खाते, ऑइलमध्ये ओल साचते, आणि एवढे सोसून चढावर गाडी तापायची ती तापतेच. अशा गाडीत काटा खाली दिसणे ही मीटरची चूक नसते. बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांना 82 किंवा 88 अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट लागतो आणि हा आकडा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो.

मीटरचा प्रकार ओळखणे

युद्धकाळातल्या विलीज जीपसारख्या गाड्यांत मीटर यांत्रिक असतो. त्याच्या मागून बारीक तांब्याची नळी निघून थेट इंजिनमधल्या फुग्यापर्यंत जाते आणि फुग्यातल्या द्रवाच्या दाबाने काटा हलतो. या मीटरला वायरिंगशी काही देणेघेणे नसते. नळीला चीर गेली किंवा ती मुरडली की आतला द्रव निघून जातो आणि काटा तळाशी जाऊन बसतो. तेथे जाणकार माणसाकडून नळी पुन्हा भरून घेणे किंवा पूर्ण संच बदलणे हेच उपाय उरतात. म्हणून इंजिन उतरवताना ही नळी आधी सोडवून गोल वेटोळे करून बाजूला बांधावी.

बाकीच्या बहुतेक गाड्यांत मीटर विजेवर चालतो आणि त्यातही दोन जाती आहेत. किल्ली फिरवल्यावर काटा पंधरा-वीस सेकंद घेत संथपणे वर येत असेल, तर तो द्विधातू पट्टीचा, म्हणजे पट्टी तापून वाकल्यावर काटा हलवणारा मीटर आहे, आणि त्याच्यासोबत कुठेतरी व्होल्टेज स्टॅबिलायझर, म्हणजे मीटरचा सप्लाय स्थिर ठेवणारी डबी, असते. काटा किल्लीसरशी झटकन हलत असेल, तर तो कॉइलचा, चुंबकीय मीटर आहे. त्याला स्टॅबिलायझर लागत नाही, पण डॅशबोर्डचे अर्थिंग मात्र चोख लागते. हा फरक आधी ओळखला की पुढची अर्धी तपासणी आपोआप कमी होते.

वायर काढून आणि अर्थ करून पाहणे

दोन्ही जातींत सेन्सर सहसा सारख्याच पद्धतीने काम करतो. पाणी थंड असताना त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) जास्त असतो, तापेल तसा तो कमी होतो, आणि रेझिस्टन्स कमी झाला की काटा वर जातो. म्हणून किल्ली ऑन ठेवून, इंजिन बंद असताना सेन्सरवरची वायर काढली तर काटा पूर्ण खाली गेला पाहिजे आणि ती वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवली तर तो पूर्ण वर गेला पाहिजे. टेकवताना मध्ये 20-30 ओहमचा रेझिस्टर धरला तर उत्तम. थेट टेकवली तर काटा वरच्या टोकाकडे निघताच वायर उचलावी, कारण द्विधातू मीटरमधली पट्टी तापवणारी कॉइल जास्त वेळ पूर्ण करंट सहन करत नाही.

दोन्ही वेळा काटा नीट फिरला, तर मीटर आणि वायर ढोबळमानाने शाबूत आहेत आणि संशय सेन्सर व त्याच्या अर्थिंगवर येतो. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे. फायरवॉलच्या भोकातला रबरी ग्रोमेट गळून गेलेला असणे आणि एक्झॉस्टजवळ वायरचे आवरण वितळलेले असणे, ही त्याची दोन नेहमीची कारणे. अर्थ करूनही काटा हलला नाही, तर वायर तुटली आहे, मीटरला सप्लाय येत नाही किंवा मीटरची कॉइल गेली आहे. यातले नेमके काय, ते मीटरच्या मागच्या टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावून दोन मिनिटांत कळते.

अर्थिंग: दोष बहुधा येथेच असतो

जुन्या गाडीत करंट वायरने जातो आणि बॉडीतून परत येतो. रंगकाम, गंज, इंजिन उतरवणे-चढवणे यांत परतीचा हा रस्ता कुठे ना कुठे अडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. आमच्या साताऱ्यातल्या एका पद्मिनीचा काटा दिवसा बरोबर असायचा आणि हेडलाइट लावले की बोटभर सरकायचा. डॅशबोर्ड उतरवल्यावर दिसले, की नुकत्याच झालेल्या रंगकामात मीटरच्या पट्टीखालची अर्थची जागाही रंगवली गेली होती. स्क्रू घट्ट होता, वायर नवी होती, पण थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा चकाकता थर होता आणि स्क्रूच्या दोन-तीन आट्यांपुरताच धातूला धातू लागत होता. हेडलाइटचे दिवे, मीटरचे दिवे आणि काटा सगळे त्या तीन आट्यांवर अवलंबून होते. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने उघडी करून, दातेरी वॉशर टाकून स्क्रू पुन्हा कसल्यावर काटा स्थिर झाला.

दिवे, वायपर किंवा हॉर्न लावला की काटा हलतो, हे बहुधा अर्थिंगच्या दोषाचे लक्षण आहे. तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून सगळे दिवे लावावेत, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे सेन्सरच्या पितळी अंगावर धरावे. आकडा 0.1 व्होल्टच्या आत असावा. मग दुसरे टोक इंजिन ब्लॉक, चॅसी, बॉडी आणि शेवटी मीटरची धातूची चौकट असे एकेका जागी नेत जावे. जेथे आकडा एकदम वाढतो, त्याच्या आधीचा जोड खराब आहे. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेली असेल, जशा जुन्या ब्रिटिश गाड्या असतात, तर हीच मोजणी पॉझिटिव्ह खांबापासून करावी.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणीव पट्टी अनेक गाड्यांत तुटलेली असते किंवा इंजिन बसवताना परत लावायचीच राहून जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर असल्यामुळे मग स्टार्टरचा सगळा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. ती केबल गरम लागत असेल तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. नवी पट्टी स्वस्त मिळते आणि एक बोल्ट सोडून बसवता येते.

सेन्सरचे स्वतःचे अर्थिंग त्याच्या आट्यांतून होते. पाणी झिरपू नये म्हणून त्यावर नळकामातल्या टेफ्लॉन टेपचे वेढे दिलेले फार वेळा आढळतात. टेप जाड झाली की सेन्सर आणि इंजिन यांच्यातला संबंध तुटतो आणि काटा कायम कमी दाखवतो. तांब्याचा वॉशर असेल तर टेप लागतच नाही, आणि आटे निमुळते असतील तर सीलंटचा पातळ हात पुरतो.

स्टॅबिलायझर

पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा एकाच वेळी, एकाच दिशेने चुकू लागले, तर सेन्सरकडे जाण्याचे कारणच नाही, कारण दोन्ही मीटरना सप्लाय देणारा स्टॅबिलायझर एकच असतो. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या मीटरमध्ये तो बॅटरीचा 12 ते 14 व्होल्टचा चढउतार सरासरी 10 व्होल्टवर आणून ठेवतो. त्याच्या आत एक पट्टी तापून संपर्क तोडते व गार होऊन परत जोडते, त्यामुळे डिजिटल मल्टीमीटरवर स्थिर आकडा न दिसता शून्य आणि बारा यांच्यामध्ये उड्या दिसतात. अशा उड्या दिसणे हे तो चालू असल्याचे चिन्ह आहे. आकडा सतत बॅटरीइतकाच राहिला, तर स्टॅबिलायझरच्या डबीचे अर्थिंग तुटले आहे किंवा आतले संपर्क चिकटले आहेत, आणि दोन्ही काटे जास्त दाखवणार. काहीच येत नसेल तर दोन्ही काटे तळाशी राहतील.

बदलायचा झाल्यास 7810 या तीन पायांच्या रेग्युलेटर आयसीवर बनवलेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मूळ डबीतच बसवता येतो आणि त्याचे 10 व्होल्ट खरोखर स्थिर असतात. आयसीचा धातूचा पाठभाग डबीला किंवा पत्र्याला नीट टेकवावा, म्हणजे तो तापणार नाही. हा आयसी निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठीच आहे.

पातेल्यातली परीक्षा

वरचे सगळे ठीक निघाले, तरच सेन्सर काढावा, तोही इंजिन थंड असताना आणि थोडे पाणी आधी काढून घेऊन. बाहेर आल्यावर त्याचे टोक पाहावे. सांगली-मिरजेकडे आणि पूर्वेच्या तालुक्यांत बोअरचे पाणी जड आहे. तेच वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले, तर टोकावर पांढरट-पिवळट कवच चढते, आणि मग पाणी तापल्यावर काटा बऱ्याच उशिराने वर येतो. व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून मऊ ब्रशने हे कवच निघते. इंजिनमध्ये मात्र यापुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच वापरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून एक तृतीयांश कूलंट पुरेसे होते.

आता एका पातेल्यात पाणी घेऊन सेन्सर दोऱ्याने किंवा तारेने असा टांगावा, की पितळी टोक बुडेल, वरचे टर्मिनल कोरडे राहील आणि तळाला काही टेकणार नाही. शेजारीच थर्मामीटर त्याच खोलीवर असावा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक टर्मिनलला आणि दुसरे पितळी अंगाला जोडावे, आच मंद ठेवावी आणि पाणी ढवळत 40 अंशांपासून दर 10 अंशांना आकडा लिहावा. मग आच बंद करून पाणी उतरताना तेच आकडे पुन्हा घ्यावेत. चांगल्या सेन्सरचा रेझिस्टन्स न अडखळता उतरत जातो आणि चढतानाचे व उतरतानाचे आकडे जवळपास जुळतात. मध्येच उडी, अडकलेला आकडा किंवा अनंत रेझिस्टन्स दिसला, तर सेन्सर बाद समजावा.

उकळत्या पाण्याला 100 अंश धरून खूण करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. पाणी 100 अंशांना उकळते ते समुद्रकाठी. सांगलीत ते साधारण 98 अंशांना, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या आसपास आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळते. म्हणून थर्मामीटरही आधी उकळत्या पाण्यात धरून पाहावा. साताऱ्यात त्याने 100 दाखवले तर तोच अडीच अंश पुढे आहे. घाटमाथ्यावर जुनी गाडी लवकर उकळते, त्यात उंचीचा हा वाटा आहे, आणि म्हणूनच रेडिएटरची कॅप दाब धरते की नाही, याला आपल्या भागात विशेष महत्त्व आहे.

फॅरनहाइटचे आकडे असलेल्या मीटरवर 180 म्हणजे 82 अंश सेल्सियस आणि 212 म्हणजे 100, एवढे लक्षात ठेवले की वहीतले आकडे ताडून पाहता येतात.

सेन्सर चांगला, पण जोडी चुकीची

हा प्रकार जीपमध्ये सर्वाधिक आढळतो. मूळ पेट्रोल इंजिन जाऊन त्या जागी डिझेल इंजिन बसलेले असते, सेन्सर नव्या इंजिनचा आणि मीटर जुन्या डॅशबोर्डचा असतो, आणि दोघे आपापल्या परीने चांगले असूनही त्यांचा मेळ बसत नाही. कधी 6 व्होल्टची गाडी 12 व्होल्टवर आणताना मीटर तसाच राहिलेला असतो. योग्य उपाय एकच, मीटरला शोभणारा सेन्सर मिळवणे. आट्यांचे माप वेगळे असेल तर लेथवर पितळी अ‍ॅडॅप्टर करून घेता येतो, सांगली-कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत हे काम अवघड नाही.

तसा सेन्सर मिळतच नसेल तर रेझिस्टरची जोड द्यावी. समजा 85 अंशांना सेन्सर 60 ओहम देतो आणि काटा मध्यावर येण्यासाठी मीटरला 80 ओहम लागतात, तर काटा जास्त दाखवणार. अशा वेळी वायरमध्ये 20 ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडावा. उलट सेन्सर 100 ओहम देतो आणि मीटरला 75 लागतात, तर काटा कमी दाखवणार. अशा वेळी 300 ओहमचा रेझिस्टर सेन्सरच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत, म्हणजे समांतर जोडावा. 1 वॉटचा रेझिस्टर दोन्हीकडे पुरतो. समांतर रेझिस्टरचा परिणाम मुख्यतः थंड टोकाला होतो, तो फारसा धोक्याचा नाही. मालिकेतल्या रेझिस्टरचा परिणाम मात्र गरम टोकाला सर्वाधिक होतो: सेन्सर 30 ओहमपर्यंत उतरला असताना मीटरला 50 दिसतात आणि गाडी खरोखर तापत असताना काटा मागे राहतो. म्हणून मालिकेतला रेझिस्टर बसवल्यावर लाल पट्टा नव्याने कोठे सुरू होतो ते पातेल्यातल्या आकड्यांवरून काढावे आणि काचेवर बारीक खूण करावी.

रस्त्यावरची चाचणी

पाणी पुन्हा भरताना हवा अडकू देऊ नये; हीटरचा व्हॉल्व्ह असल्यास उघडा ठेवावा, गाडीचे तोंड चढाकडे करावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कॅप काढून पाणी घालत राहावे. सेन्सरभोवती हवेचा फुगा राहिला, तर काटा खाली-वर उड्या मारतो आणि आधीचे सगळे श्रम वाया गेल्यासारखे वाटते.

साताऱ्याच्या लोकांना यवतेश्वरचा घाट किंवा वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट या चाचणीला योग्य आहे. सांगलीकडे रस्ते सपाट असले तरी हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाताना इंजिनची तेवढीच परीक्षा होते. चढावर काटा हळूहळू वर येणे, उतारावर परतणे, आणि गाडी बंद करून पाच मिनिटांनी किल्ली फिरवल्यास थोडा वरच दिसणे, हे सारे स्वाभाविक आहे. बंद इंजिनमध्ये पाणी फिरत नसल्यामुळे उष्णता हेडमध्येच साचते. माथ्यावर पोहोचल्यावर टेपच्या ठिपक्यावर गन धरून तो आकडा काट्याशी ताडून पाहावा आणि वहीत लिहावा.

चढावर गरम असलेला काटा एकाएकी खाली कोसळला, तर गाडी गार झाली असे मुळीच समजू नये. पाणी निघून गेल्यामुळे सेन्सर उघडा पडला असण्याची शक्यता तेथे सर्वांत मोठी असते. गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, बोनेट उघडावे, कॅपला हात न लावता निदान अर्धा तास थांबावे, आणि पाणी घालायचे ते इंजिन पुरेसे निवल्यावर, हळूहळू घालावे. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडले तर तडा जातो.